शेवटच्या सहा सेकंदांवर बंदी मागणाऱ्या संग्राहकांना खुलं पत्र

मित्रमैत्रिणींनो,

सप्रेम नमस्कार.

तुमचं निवेदन माझ्यापर्यंत तीन वेगवेगळ्या माणसांकडून पोचलं. खेळांच्या वस्तूंच्या ऑनलाइन लिलावात शेवटच्या काही सेकंदांत बोली लावायला बंदी करा, त्यासाठी वापरली जाणारी सॉफ्टवेअर अडवा, आणि जो आठवडाभर सगळ्यांत वर होता त्याला काहीतरी प्राधान्य द्या, अशा तुमच्या तीन मागण्या. तिघांनीही खाली सही करायला सांगितलं. मी केली नाही. का केली नाही हे प्रत्येकाला वेगवेगळं समजावत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

आधी कबुली. तुम्ही ज्यांना 'स्नायपर' म्हणता त्यांतलाच मी एक. गेली कित्येक वर्षं ठरलेल्या वेळी संपणाऱ्या लिलावात मी शेवटच्या दहा सेकंदांच्या आधी एकही बोली लावलेली नाही. आम्ही दबा धरून बसतो असं निवेदनात म्हटलंय. बसतो, खरं आहे. 'लुटारू' हा शब्द मात्र खटकला. लुटायला आधी वस्तू तुमची असावी लागते.

आणि नेमकं तिथेच सगळं अडतं. वस्तू आपलीच आहे असं आपल्याला वाटायला लागलेलं असतं.

मलाही वाटलं होतं. एका जुन्या क्रिकेट दौऱ्याची स्मरणिका लिलावात आली होती. मधल्या दोन पानांवर अख्ख्या संघाच्या सह्या, सगळ्या निळ्या शाईत, फक्त एक पेन्सिलीने. बहुतेक पेन ऐनवेळी संपलं असणार. पिनांचा गंज कागदात उतरलेला, कडेला एक घडी. मी पहिल्याच दिवशी बोली लावली आणि सहा दिवस सगळ्यांत वर राहिलो. सकाळी उठलो की संगणकाचा पडदा उघडायचा, हिरव्या अक्षरांत 'तुमची बोली सर्वोच्च आहे' वाचायचं आणि मगच पुढच्या कामाला लागायचं. चौथ्या दिवशी मी कपाटातली दोन पुस्तकं हलवून तिच्यासाठी जागासुद्धा केली. सातव्या दिवशी लिलाव संपायला चार सेकंद उरले असताना अक्षरं लाल झाली. मी काय झालं ते वाचेपर्यंत शून्य आलं होतं. समोरच्याने ती वस्तू माझ्या रकमेपेक्षा फक्त एक टप्पा वर घेतली होती.

त्या रात्री मी जे बोललो ते छापण्यासारखं नाही. तुमच्या निवेदनातली भाषा त्यापुढे फारच सभ्य आहे. अजून तीस सेकंद मिळाली असती तर मी नक्की वर गेलो असतो, असं मी येईल त्याला सांगत होतो. एका जुन्या संग्राहकाने शांतपणे विचारलं, "म्हणजे यंत्राने तुला कमाल रक्कम विचारली तेव्हा तू खोटी सांगितलीस?"

उत्तर नव्हतं माझ्याकडे. अजूनही नाही.

बोलीच्या रकान्यात आपण जो आकडा टाकतो तो बोली नसतो, मर्यादा असते. ईबेसारख्या ऑनलाइन लिलावाच्या ठिकाणी यंत्र आपल्या वतीने, गरज पडेल तेवढंच वर जातं. समजा तुमची मर्यादा 500, माझी 620 आणि वाढीचा टप्पा 10. वस्तू मला 620 ला नाही, 510 ला मिळते. माझा खरा आकडा कुणाला दिसतसुद्धा नाही. विल्यम विकरी या अर्थशास्त्रज्ञाने 1961 मध्ये हे मांडलं: बंद पाकिटातून बोल्या मागवल्या, सगळ्यांत मोठ्या बोलीवाल्याला वस्तू दिली, पण किंमत दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीची घेतली, तर प्रत्येकाच्या फायद्याची गोष्ट एकच उरते, स्वतःला वाटणारी खरी किंमत लिहिणं. 1996 मध्ये त्यांना नोबेल जाहीर झालं आणि तीन दिवसांत ते गेले. पण आपल्या जमातीला अभिमान वाटावा अशी गोष्ट वेगळीच आहे. हीच पद्धत टपाल-तिकिटांचे व्यापारी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वापरत होते. लांबचे गिऱ्हाईक पत्राने बोली पाठवायचे, तेव्हा त्यांच्याशी न्यायाने कसं वागायचं, याचं उत्तर संग्राहकांच्याच बाजाराने आधी काढलं होतं. सिद्धान्त नंतर आला.

आता तुम्ही म्हणाल, असं असेल तर वेळेला महत्त्व कशाला? खरा आकडा पहिल्या दिवशी टाका नाहीतर शेवटच्या सेकंदाला, निकाल एकच. कागदावर बरोबर आहे. मग तुम्हीही पहिल्या दिवशी टाका आणि झोपा. आमच्यासारखे शेवटी येऊन आपटतील आणि परत जातील. मी सहा सेकंद उरले असताना कितीही चपळाईने 480 टाकले तरी तुमची मर्यादा 500 असेल तर वस्तू तुमचीच. माझा वेग तुमच्या आकड्याला हरवत नाही. माझा आकडाच हरवतो.

पण माणसं तशी वागत नाहीत, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. 300 टाकतात. कुणी 310 केले की मान दुखावतो, 320. मग 350. मला वाटतं या 'कुरतडणाऱ्यां'मुळेच स्नायपर जन्माला येतो. समोरचा माणूस दर धक्क्याला नवा आकडा ठरवणार असेल, तर त्याला धक्का द्यायचाच कशाला? त्याला प्रत्युत्तर द्यायला वेळ उरणार नाही अशा क्षणी आपला एकच आकडा टाकायचा. मग त्याची जी मर्यादा त्या क्षणी नोंदलेली आहे, तिच्याशीच आपला सामना. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपण उगाच म्हणत नाही.

आणि वर असण्याची ती नशा. अर्थशास्त्रज्ञ जॉन लिस्ट यांनी खेळांच्या कार्डांच्या (खेळाडूंची चित्रं छापलेली, जमवायची कार्डं) आणि स्मृतिवस्तूंच्या बाजारात जाऊन प्रयोग केले. साधारण सारख्याच किमतीच्या दोन वस्तूंपैकी एक माणसाच्या हातात द्यायची आणि विचारायचं, दुसरीशी बदलतोस का? निवड चिठ्ठीने झालेली असल्यामुळे साधारण निम्म्यांनी बदलायला हवी होती. नवख्यांतले फारच थोडे तयार झाले. हातात आली म्हणजे माझी, मग माझी ती जास्त मोलाची. मुरलेल्या व्यापाऱ्यांमध्ये मात्र हा मोह जवळपास दिसला नाही. त्यांचं हे संशोधन 2003 साली छापून आलं. माझं कपाट आणि त्यातली हलवलेली दोन पुस्तकं मला ते वाचताना आठवली. माझ्या हातात तर स्मरणिका आलीही नव्हती. फक्त हिरवी अक्षरं आली होती. आता मी कपाट हलवत नाही आणि आधी बोलीही लावत नाही. दोन्ही सवयींचं कारण एकच.

पुढचं कारण मात्र जरा अवघड आहे, कारण त्यात आमची चलाखी आहे. एकदा एका संघाचं सामूहिक छायाचित्र विकायला आलं. वर्णनात 'अनोळखी संघ, मागे सह्या' एवढंच. मागच्या बाजूचा फोटो तिरका काढलेला, अर्धा अंधारात. मी तो मोठा करून, उजेड वाढवून पाहिला. तिसऱ्या ओळीतली एक सही अशा खेळाडूची होती की त्याची कारकीर्द जेमतेम काही सामन्यांची आणि सह्या अगदीच दुर्मीळ. 'र'ला जोडलेला तो लांब फटकारा मी याआधी एकाच ठिकाणी, एका पत्राखाली पाहिला होता. आता मी काय करायचं? पहिल्या दिवशी बोली लावली असती, तर माझ्या बोल्यांवर लक्ष ठेवणाऱ्या दोघातिघांना लगेच वास आला असता: हा माणूस उगाच इथे येणार नाही. त्यांनी फोटो मोठा केला असता. म्हणजे हात दाखवून अवलक्षण. मी सात दिवस गप्प राहिलो, ती वस्तू 'लक्ष ठेवा'च्या यादीतसुद्धा टाकली नाही, आणि सात सेकंद उरले असताना बोली लावली. तुम्ही याला काहीही म्हणा. ती सही ओळखायला मला वीस वर्षं लागली होती आणि ते ज्ञान फुकट वाटायची सक्ती माझ्यावर कुणी केलेली नव्हती.

हे फक्त माझं समर्थन नाही. ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ऑकेनफेल्स यांनी 2002 मध्ये छापलेल्या अभ्यासात ईबेचे लिलाव आणि त्या काळी ॲमेझॉन चालवत असलेले लिलाव शेजारी ठेवून पाहिले. ईबेचा लिलाव ठरलेल्या क्षणी संपतो, म्हणजे संपतोच. ॲमेझॉनवर शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली की लिलाव पुढे सरकायचा आणि सलग दहा मिनिटं शांततेत गेल्याशिवाय संपायचा नाही. ईबेवर संगणकांच्या लिलावांपैकी 40 टक्क्यांत आणि प्राचीन वस्तूंच्या लिलावांपैकी 59 टक्क्यांत शेवटची बोली अखेरच्या पाच मिनिटांतली होती. ॲमेझॉनवर दोन्हींत हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास. आता संगणक आणि प्राचीन वस्तू यांतला फरक बघा. संगणकाची किंमत कुणालाही कळते. जुन्या वस्तूची किंमत ओळखणाऱ्याला कळते. जिथे ओळख लागते तिथे माणसं उशिरा येतात. आपल्याकडेही तेच. हजारो प्रती छापलेल्या, ग्रेड करून, म्हणजे अवस्थेवरून दर्जा ठरवून, प्लास्टिकच्या पेटीत बंद केलेल्या कार्डासाठी मागचे व्यवहार बघून कुणीही भाव सांगेल. तिथे शेवटच्या सेकंदाची मिजास फारशी कामाची नाही. पेन्सिलीची सही असलेली स्मरणिका मात्र एकच.

त्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट तुमच्या निवेदनाच्या थेट आड येते. ईबेवर अनुभवी माणसं जास्त उशिरा बोली लावत होती आणि ॲमेझॉनवर अनुभवी माणसं उशीर टाळत होती. स्वभाव तोच, नियम वेगळा. आम्ही दुष्ट आहोत म्हणून उशिरा येत नाही. घड्याळ तसं लावलंय म्हणून येतो.

घड्याळाचा हा खेळ संगणकापेक्षा खूप जुना आहे. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये मेणबत्ती लावून लिलाव व्हायचे. ज्योत विझायच्या क्षणी ज्याची बोली शेवटची, त्याला माल. आरमाराच्या कारभारात असलेल्या सॅम्युएल पीप्सने 3 सप्टेंबर 1662 च्या रोजनिशीत जुन्या जहाजांच्या अशाच एका विक्रीची नोंद केली आहे. सगळे गोंधळ घालत होते आणि एक माणूस मात्र नेमका शेवटी ओरडून माल नेत होता. पीप्सने त्याला गुपित विचारलं. तो म्हणाला, ज्योत विझायच्या क्षणी धूर खाली उतरतो; मी धुराकडे बघतो. मला हा माणूस फार आवडतो. बाकीचे ज्योतीकडे बघत होते.

आता तुमच्या मागण्या. शेवटच्या दहा सेकंदांत बोलीला बंदी घातली, तर शेवटचा सेकंद अकरावा होईल. आम्ही अकराव्याला येऊ. ज्या लिलावाला ठरलेला शेवट आहे त्याला शेवटचा क्षण असणारच. तो पुसता येत नाही, फक्त सरकवता येतो. सॉफ्टवेअरवर बंदी घातलीत तर ज्याला रात्री जागता येतं आणि ज्याचं इंटरनेट चांगलं आहे तो जिंकेल. ज्याची रात्रपाळी आहे किंवा ज्याच्या घरात आजारी माणूस आहे त्याच्या हातातलं एकमेव साधन तेवढं जाईल. स्वतः हाताने करणाऱ्यांचे हाल मला विचारा. लॉगिन नेमकं शेवटच्या मिनिटाला संपतं. 'बोली लावा' दाबलं की 'नक्की लावायची का?' असं दुसरं पान येतं. एकदा मी चार सेकंदांवर पहिलं बटण दाबलं, दुसरं पान उघडेपर्यंत लिलाव संपला होता. वरातीमागून घोडे. घाईत एक शून्य जास्त टाकणारेही मी पाहिलेत, आणि त्यांचे चेहरे नंतर बघवत नाहीत. म्हणून मी चारवरून सहा-सातवर आलो. सॉफ्टवेअरवाले दोन-तीनवर जातात, पण त्यासाठी आपला पासवर्ड तिऱ्हाइताच्या हाती द्यावा लागतो, ते मला जमत नाही.

तिसऱ्या मागणीबद्दल, म्हणजे आठवडाभर वर राहिलेल्याला प्राधान्य देण्याबद्दल, काय बोलू? ती मान्य झाली तर प्रत्येक वस्तूवर पहिल्या मिनिटाला झुंबड उडेल आणि नंतर सात दिवस स्मशानशांतता. त्याला रांग म्हणतात, लिलाव नाही.

एक मागणी तुम्ही केलेली नाही, पण करायला हवी होती. तिच्यावर मी विचार केला असता. ॲमेझॉनच्या त्या जुन्या पद्धतीसारखी वेळ वाढवा. खोलीत बसून होणाऱ्या लिलावात आपण हेच तर ऐकत आलोय: एकवार, दोनवार, आणि कुणीच बोललं नाही की तीनवार. तिथे घड्याळाला कुणी विचारत नाही, शांततेला विचारतात. खेळांच्या मौल्यवान वस्तू विकणारी बरीच मोठी लिलावघरं ऑनलाइनही असंच करतात: ठरलेली वेळ उलटली की 'वाढीव बोली' सुरू होते आणि अर्धा तास कुणीच बोललं नाही की वस्तू बंद. काही ठिकाणी या वाढीव फेरीत शिरायला आधी त्या वस्तूवर एक तरी बोली लावलेली असावी लागते, त्यामुळे आमच्यासारख्यांनाही गाडीत रुमाल टाकून जागा धरावी तशी एक बोली टाकून ठेवावी लागते. चलाखी इथेही संपत नाही, फक्त कपडे बदलते.

हा नियम वाईट नाही. पण तो कुणाच्या सोयीचा आहे हे नीट बघून मग मागा. ऑकेनफेल्स आणि रॉथ यांनी डॅन एरिएलींच्या सोबतीने 2005 मध्ये छापलेल्या प्रयोगात वेळ वाढणाऱ्या लिलावात विक्रेत्याला जास्त पैसे मिळाले आणि वस्तू तिची सर्वाधिक किंमत करणाऱ्याकडे जास्त वेळा गेली. म्हणजे न्याय जास्त, आणि भावही जास्त. ज्या स्मरणिकेसाठी तुम्ही हळहळताय ती तुम्हाला मिळेलही, पण हळहळ खिशाची असेल. शिवाय पहाटे चारला, जगाच्या दुसऱ्या टोकाला नुकताच जागा झालेला कुणी दर एकोणतिसाव्या मिनिटाला एकेक टप्पा चढवत असताना तुम्ही किती वेळ टिकाल? मी एकदा टिकलो होतो. वस्तू मिळाली, पण ठरवलेल्या आकड्याच्या जवळपास दीडपटीला, आणि आजही तिच्याकडे बघितलं की आधी ती पहाट आठवते.

जिथे पैसा चांगल्या कामाला जाणार आहे तिथे मात्र वेळ वाढवायलाच हवी असं माझं मत. जानेवारी 2020 मध्ये शेन वॉर्नने ऑस्ट्रेलियातल्या वणव्यांच्या मदतीसाठी आपली हिरवी कसोटी टोपी ऑनलाइन लिलावाला काढली आणि ती दहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर गेली. अशा ठिकाणी शेवटच्या सेकंदाला येऊन दोन टप्पे वाचवण्यात कसली हुशारी? तिथे मी सहा दिवस आधी येईन आणि आरडाओरडा करीन.

आता माझा मुख्य आक्षेप. सगळं निवेदन वाचलं, आमच्यावर साडेतीन पानं आहेत, आणि डमी बोल्यांवर, म्हणजे भाव चढवण्यासाठी विक्रेत्याच्याच बाजूने लावलेल्या खोट्या बोल्यांवर, एक ओळ नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी. (संन्यासी आम्ही नाही, मान्य. पण चोरही नाही.)

डमी कसा चालतो ते तुम्हाला ठाऊक आहे, तरी एकदा जवळून बघा. तुम्ही पहिल्या दिवशी प्रामाणिकपणे 500 ची मर्यादा टाकलीत. पडद्यावर किंमत 120 दिसतेय. तिसऱ्या दिवशी एक नवं खातं येतं: 200. यंत्र तुमच्या वतीने वर जातं. 260. पुन्हा तुम्ही वर. 340, 400, 450. तो एकेक पायरी दाबून बघतोय, कुठली डगमगते ते. 480 ला थांबतो. वस्तू तुम्हाला मिळते, अभिनंदनाचा संदेश येतो, आणि 120 ला जाणारी वस्तू 490 ला गेली हे तुम्हाला कधीच कळत नाही. चुकून तो तुमच्याही वर गेलाच, तर 'टायपिंगची चूक झाली' म्हणून बोली मागे घेतो. विक्रेत्याचा मेहुणा असेल, मित्र असेल, विक्रेता स्वतः असेल. तुम्हाला फक्त दोन अक्षरं आणि मध्ये तीन चांदण्या दिसतात.

हे सगळं करायला त्याला एकच गोष्ट लागते: वेळ. आणि तीच मी त्याला देत नाही. माझा आकडा सहा सेकंदांवर येतो, तेव्हा पायऱ्या दाबून बघायला कुणाला सवड नसते. अंधारात उडी मारायची तर वस्तू त्याच्याच गळ्यात पडायची भीती. तुम्ही ज्याला दबा धरणं म्हणता, ते माझ्यापुरतं कुलूप आहे.

हे मनाचे खेळ नाहीत. अमेरिकेतल्या मास्ट्रो ऑक्शन्स या एके काळच्या खेळवस्तूंच्या सगळ्यांत मोठ्या लिलावघराचा प्रमुख बिल मास्ट्रो याने 2013 मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला. बनावट बोल्या लावून भाव चढवले जात होते, आपल्याच लिलावघरात, आपल्याच गिऱ्हाइकांविरुद्ध. 2015 मध्ये त्याला वीस महिन्यांची शिक्षा झाली. त्याच कबुलीत त्याने हेही मान्य केलं की बेसबॉलपटू होनस वॅग्नरचं टी-206 मालिकेतलं जे प्रसिद्ध कार्ड पुढे आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झकीच्या मालकीचं झालं, त्याच्या कडा त्याने कापल्या होत्या. बेसबॉलच्या दुनियेतला जवळपास देव मानलेला कागद, आणि कात्री लावणारा पुजारीच. त्या लिलावांत किती जणांनी पहिल्या दिवशी प्रामाणिकपणे आपली मर्यादा सांगितली असेल, याचा विचार मी करतो तेव्हा माझ्या सहा सेकंदांची मला लाज वाटत नाही.

अजून एक साधी, हिशेबाची गोष्ट राहिली. एकाच खेळाडूचं एकाच ग्रेडचं कार्ड एका आठवड्यात पाच जण विकायला काढतात. तुम्ही सोमवारी पहिल्यावर बोली लावलीत की रविवारपर्यंत बांधले गेलात. मंगळवारी दुसरं स्वस्तात सुटताना बघत बसायचं. मी पाचही एका यादीत लिहून ठेवतो, पहिल्यावर शेवटी येतो, हरलो तर दुसऱ्यावर, आणि मिळालं की बाकीचे तीन खोडतो. हे तर कुणीही करू शकतं, त्याला वीस वर्षं लागत नाहीत.

माझी पद्धत सगळी सांगतो, गुपित काही नाही. वस्तू पहिल्यांदा दिसते त्या दिवशीच मी एका चिठ्ठीवर आकडा लिहितो. हा आकडा ठरवायला मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: याच्या एक टप्पा वर कुणी घेऊन गेला तर मला झोप लागेल का? लागणार नसेल तर आकडा वाढवतो. लागणार असेल तिथे थांबतो. आकडा गोल ठेवत नाही, कारण बाकीचे 500 ला थांबतात. माझा 507 असतो. चिठ्ठी पडद्याच्या कडेला चिकटवतो आणि शेवटच्या सेकंदाला तिच्यावरचाच आकडा टाकतो, त्या क्षणी मनात आलेला नाही. शेवटच्या मिनिटातलं माझं मन मला चांगलं माहीत आहे. त्याच्या हाती पाकीट देण्यात अर्थ नाही. निम्म्याहून जास्त वेळा मी हरतो. हे निवेदनात कुठेच नाही. तुम्हाला फक्त जिंकणारा स्नायपर दिसतो; 480 टाकून 500 वर आपटून गेलेले चार जण बोल्यांच्या इतिहासात खाली पडलेले असतात, तिकडे कुणी बघत नाही.

म्हणून सही केली नाही. पण मसुदा बदलणार असाल तर मी मदतीला येतो. लिलाव संपल्यावर बोल्यांचा पूर्ण इतिहास, सेकंदासकट, उघडा करा असं मागू. कुठलं खातं कुठल्या विक्रेत्याच्या किती वस्तूंवर बोली लावतं आणि त्यातल्या किती जिंकतं, हे बोली लावण्याआधी दिसायला हवं. एकाच विक्रेत्याच्या चाळीस वस्तूंवर बोली लावून एकही न जिंकणारा खरा गिऱ्हाईक असतो का, ते ज्याचं त्याने ठरवावं. शेवटच्या दिवशी बोली मागे घेणं बंद करा. लिलावघर स्वतः किंवा त्याचे नोकर बोली लावत असतील तर तसं त्या बोलीसमोर लिहा. आणि वेळ वाढणार की ठरल्या क्षणी संपणार, हे विक्रेत्याने निवडावं आणि ते वस्तूच्या फोटोशेजारी मोठ्या अक्षरांत असावं, अटींच्या सतराव्या परिच्छेदात नको. एवढं झालं तर डमीची भीती कमी होईल, आणि खरं सांगतो, माझ्यासारखे निम्मे लोक शेवटच्या सेकंदाची ही जागरणं आनंदाने सोडून देतील. उरलेले निम्मे सह्या ओळखणारे आहेत. ते सुधारायचे नाहीत.

निवेदनाच्या तिसऱ्या पानावर 'स्नायपिंगमुळे छंदातला आनंद गेला' असं एक वाक्य आहे, तेवढं मात्र काढू नका. ते खरं आहे. सहा दिवस हिरवी अक्षरं बघण्यात आनंद होता, मीच घेतलाय तो. फक्त तो आनंद फुकटचा नव्हता. त्याचं भाडं शेवटच्या चार सेकंदांत भरावं लागलं.

नवा मसुदा तयार झाला की पाठवा. त्यावर सही पहिल्याच दिवशी करीन, शेवटच्या सेकंदापर्यंत थांबणार नाही.

तुमचाच,
बोल्यांच्या यादीत दोन अक्षरं आणि तीन चांदण्या असलेला एक संग्राहक